आत्याने निवडून दिलेला चाकू

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीने लालबाग-परळ तापलं होतं, त्याच सुमाराला मी गिरणीच्या वाइंडिंग खात्यात लागले. आत्या तिथे बारा वर्षं होती. नवरा गेल्यावर ती कोकणातून एकटी मुंबईला आली होती. खात्यात तिच्याशी बोलताना मुकादमसुद्धा आवाज खाली ठेवायचा. बॉबिनीवर गुंतलेलं सूत कापायला आम्हा बायकांपैकी कुणाकडे ब्लेड असे, कुणाकडे मोडकी कात्री. आत्याकडे घडीचा चाकू होता, कमरेला खोचलेला. पहिल्याच आठवड्यात ब्लेडने माझं बोट कापलं. आत्याने ते बांधलं आणि म्हणाली, "रविवारी माझ्याबरोबर चल. तुला चाकू घेऊ."

लालबागला एक म्हातारा चाकू-कात्र्यांना धार लावायचा, विकायचाही. त्याने फळीवर सात-आठ चाकू मांडले. मी शिंपल्याच्या मुठीचा उचलला. काय चकाकत होता!

"ह्यो दिसाक बरो आसा," आत्या म्हणाली, "पण कापतलो काय? हात ओला कर आणि उघड बघू."

म्हाताऱ्याच्या पाण्याच्या डब्यात मी बोटं बुडवली. मूठ हातातून सटकली, आणि पात्यावरच्या खाचेत नख काही शिरेना. मग आत्याने एकेक चाकू उचलला. मिटून उजेडासमोर धरला, पातं मुठीत सरळ बसतंय का पाहिलं. उघडला, दोन बोटांनी पातं डावी-उजवीकडे हलवून पाहिलं. पातं धरून ठेवणाऱ्या कमानीचा आवाज ऐकायला तर तिने चाकू चक्क कानाशी नेला. म्हातारा आधी हसत होता. नंतर तो स्वतःहून दुकानात आत गेला आणि शिंगाच्या मुठीचा एक काळपट, बोटभर चाकू घेऊन आला.

"बाई, हा बघा. हा मी सगळ्यांना दाखवत नाही."

आत्याने तो उघडला, हलवला, मिटला आणि माझ्या हातात ठेवला. मला तो अजिबात आवडला नव्हता. पण ओल्या हातानेही पहिल्या झटक्यात उघडला.

त्यानंतर दोनेक महिन्यांनी एका दुपारी हरताळ झाला आणि गिरणी लवकर सुटली. आम्ही दोघी काळाचौकीच्या बाजूने घरी निघालो होतो. पुढे पोलिसांनी मोर्चा अडवला होता. अचानक अश्रुधुराची नळकांडी फुटली, माणसं सैरावैरा पळाली. कापसाच्या गाठी घेऊन निघालेली एक बैलगाडी रस्त्यातच अडकली. बिथरलेला एक बैल घसरून पडला आणि जुवाची दोरी त्याच्या गळ्याला आवळली. गाडीवान दोन्ही हातांनी ती ओढत होता, पण बैलाच्या भाराने गाठ आणखीच घट्ट होत होती. बैलाचे डोळे बाहेर आले होते.

मी आत्याचा हात ओढला. "आत्या, पळ गो!"

तिने हात सोडवून घेतला. पदर नाकाला बांधून ती सरळ गाडीकडे गेली, बैलाच्या मानेशी गुडघे टेकले आणि दोन्ही हातांनी त्याचं शिंग जमिनीशी दाबून धरलं. तेवढा जोर तिच्या अंगात कुठून आला, देव जाणे.

"काय बघत राहिलीस? माझे हात गुंतलेत. तू काप!"

डोळ्यांतून पाणी वाहत होतं, दिसत काहीच नव्हतं. चाकू मात्र उघडला. दोरी जाड, तेलकट. मी पातं तिच्याखाली सरकवून बाहेरच्या बाजूला ओढत राहिले. "सावकाश," आत्या खोकत म्हणाली, "त्याला लागू देऊ नको." एकेक पीळ तुटत गेला. शेवटचा तुटला तेव्हा बैलाने घरघरत असा श्वास घेतला की मला रडूच फुटलं. गाडीवान बैलाच्या गळ्यात पडून त्याला लहान मुलासारखं थोपटत होता. आमच्याकडे त्याने पाहिलंही नाही. आत्याला त्याचं काही वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी कामावर जाताना ती वाकडी वाट करून मला बैलगाड्यांच्या अड्ड्यावर घेऊन गेली. बैल उभा होता, वैरण खात होता, गळ्यावर हळद लावलेली. आत्याने लांबूनच त्याच्याकडे पाहिलं.

"खाता हा," ती म्हणाली. "चल, गिरणीचा भोंगा होईल."