घंटीला घंटीचं उत्तर

दर्यापूरच्या बाहेर कापसाचा एक लहानसा जिन होता. मागच्या भिंतीआड देवमन इंजिन सांभाळी. पुढच्या शेडमध्ये कापसातून सरकी काढत, तिथं त्याची बायको सुंदराबाई कामाला होती. दोन्हीकडे घंटी टांगलेली. शेडमध्ये काही अडलं की बाया घंटी वाजवीत. देवमन इंजिन बंद करी आणि ऐकलं म्हणून आपली घंटी वाजवी.

एकसष्टच्या हंगामात गंमत झाली. त्याची घंटी ऐकून नव्या वच्छलाला वाटलं, इंजिन बिघडलं. तिनं उलट वाजवली. त्याला वाटलं, शेडमध्ये आणखी काही अडलं. त्यानंही वाजवली. कोणीच थांबेना. शेवटी केसांत रुई माखलेली सुंदराबाई स्वतः चालत इंजिनखोलीत आली.

"काहो, घंट्यायचं लगन लावून राहिले का तुमी?"

देवमन हसून बेजार झाला. पण दुपारचं काम बुडालं होतं. त्यानं नियमच करून टाकला : पहिल्या घंटीला इंजिन बंद. मग कितीही वाजो, तिकडं लक्ष द्यायचं नाही.

"अन् खरंच काई झालं तं?" सुंदराबाईनं विचारलं.

"इंजिन बंद असल्यावर काय होते वं?"

तिला ते पटलं नव्हतं. पण नवऱ्याचा शब्द चारचौघांत खाली पडू नये, म्हणून ती गप्प बसली.

माघात एका सकाळी पट्टा घसरला. घंटी झाली, देवमननं इंजिन बंद केलं आणि विडी पेटवली. घंटी पुन्हा वाजली. वच्छलाच असेल, असं म्हणून तो हसला. घंटी वाजतच राहिली. मग एकदम थांबली.

घासून तापलेल्या पट्ट्याची ठिणगी रुईत पडली होती. भिंतीच्या वर धूर दिसला तेव्हा तो धावला.

"सुंदराबाईनं आमाले बाहेर काहाडलं," वच्छला म्हणाली, "अन् तुमाले बोलवाले घंटीपाशी गेली. वापस आलीच नाही."

जिन पुन्हा सुरू झाला. आता घंटी झाली की कोणीतरी चालत जाऊन पाहून येई. त्याशिवाय इंजिन सुरू होत नसे. हा नियमही देवमनचाच. पुढं त्याच्यानं तिथं राहवेना. तो मोर्शीला लेकीकडे, मैनाकडे गेला.

तिच्या घराजवळ शाळा होती. संध्याकाळी घंटी झाली की देवमन वहाणा घाली.

"शाळा सुटली, बाबा. दुसरं काई नाही."

"मालूम हाय," तो म्हणे. "पाहून येतो."

मैना त्याला कधी अडवत नसे. तो परत येईपर्यंत दारात उभी राही.