तात्यांनी सोडलेला हापूस

गाडीने शिटी दिली तरी तात्या खिडकीचा गज सोडायला तयार नव्हते. नव्वदचं दशक नुकतंच लागलं होतं, मी बनारसहून पुण्याच्या नोकरीवर निघालो होतो. आई पदराने डोळे पुसत होती आणि तात्यांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, मला विचारलं, "काशी सोडतोयस. बरोबर आणखी काय सोडलंस?"

काशीत आमच्या रामघाटावर राहिलेल्यांना आणि माझ्यासारखं तिथून निघालेल्यांना हा प्रश्न समजावून सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो. काशीला आलेल्या माणसाने आपल्या आवडीचा एखादा पदार्थ गंगेला सांगून जन्मभरासाठी सोडायचा, अशी रीत आहे. येणाऱ्याची ही रीत तात्यांनी जाणाऱ्याला लावली होती. आणि मी, बीएस्सी पास, अकलेत नापास, ऐटीत म्हणालो, "कारलं."

गाडी हलली. तात्या बरोबरीने चालत राहिले. "हे गंगेला मंजूर नाही. आवडीचं सोडायचं असतं, गाढवा. सापडलं की सांग."

तात्या स्वतः कोकणातून विशीत काशीला आले आणि आल्याआल्या त्यांनी हापूस सोडला. मग रेल्वेने त्यांना नेमकं पार्सल ऑफिसात बसवलं. उन्हाळा आला की कुणाकुणाच्या हापूसच्या पेट्या त्यांच्या नाकासमोरून जायच्या, आणि ते शांतपणे शिक्के मारायचे. बनारसचा लंगडा आंबा मात्र माझ्या जोडीने पोटभर खायचे. तो सोडलेला नव्हता.

ड्यूटी संपली की तात्या सरळ घरी येत नसत. आधी सगळा फलाट पालथा घालत, निवृत्त झाल्यावरही रोज. नऊवारी लुगडं, काखेत वळकटी आणि चेहऱ्यावर 'आता कुठं जायचं' असं दिसलं, की ती मंडळी रिक्शात घालून आमच्या घरी. आई आल्यागेल्यांच्या पोळ्या लाटायची, आम्ही भावंडं आपली अंथरुणं देऊन गच्चीवर झोपायचो. कुणाचं माणूस इथेच गेलं, तर मणिकर्णिकेपर्यंत खांदा द्यायला तात्या सगळ्यांच्या पुढे. सोलापूरच्या एका मास्तरांनी घाटावर हात जोडून चहा सोडला आणि संध्याकाळी आईला हळूच विचारलं, कॉफी चालेल का. अशा माणसांना तात्या आपल्या हापूसची गोष्ट सांगून धीर द्यायचे. ते नसले की ती मी सांगायचो, आणि तात्यांपेक्षा रंगवून.

आता माझा पराक्रम ऐका. काही वर्षांनी तात्यांचं सहस्रचंद्रदर्शन ठरलं. ऐन वैशाखातला मुहूर्त. पुण्यात राहून आपण काही कमी झालो नाही, हे तात्यांना दाखवायची केवढी खुमखुमी होती मला. मंडईत गेलो आणि हापूसची सगळ्यात उत्तम पेटी घेतली. हापूसची! दुकानदाराने गवतात आंबे मांडून दाखवले, तेव्हाही माझ्या मेंदूत काही हललं नाही.

गाडीत समोर साताऱ्याचं एक वयस्क जोडपं होतं, पहिल्यांदाच काशीला निघालेलं. मला श्रोते मिळाल्यावर काय! पेटीवर पाय ठेवून मी रीत सांगितली, चहावाले मास्तर सांगितले, आणि शेवटी हातवारे करत तात्यांचा हापूस सांगितला. म्हातारीने सगळं ऐकून घेतलं, मग पेटीकडे बोट केलं.

"मग बाळा, हे कुणासाठी?"

जबलपूर मागे पडलं होतं. पेटी उन्हाने घमघमत होती. पुढचा सगळा प्रवास मी ती सीटखाली ढकलत होतो आणि तिचा वास डबाभर फिरत होता.

बनारसला तात्या स्वतः फलाटावर. मी खाली उतरायच्या आधीच त्यांनी मान वर केली. "हापूस," ते म्हणाले. माझ्याकडे बघून त्यांच्या मिशा हलल्या, पण तेवढ्यात त्यांना मागचं गोंधळलेलं जोडपं दिसलं आणि मी राहिलो बाजूला. साताऱ्याची वळकटी तात्यांच्या खांद्यावर गेली, पेटी माझ्या डोक्यावर.

दुसऱ्या दिवशी गच्चीत जागा पुरेना. घाटावरचे गुरुजी, पार्सल ऑफिसातले जुने हमाल, रामनगरचे दूधवाले, आणि तात्यांच्या यात्रेकरूंना सतत नावेतून फिरवणारा कल्लू मल्लाह. पूर्णाहुती झाल्यावर तात्यांनीच पेटी फोडायला लावली. आईने फोडी केल्या. कल्लूने फोड चाखली, डोळे मिटले आणि निकाल दिला, "तात्याजी, बढ़िया है. बाकी लंगड़ा के आगे बच्चा है."

गच्ची हसली. पण ताटात एक अख्खा आंबा उरला होता आणि सगळ्यांच्या नजरा तिकडे. माझा जीव टांगलेला. त्यांनी एवढा एक खावा, म्हणजे माझं पुणं, माझी नोकरी, माझी पेटी सगळं सार्थकी लागेल, असं वाटत होतं. गुरुजी म्हणाले, आता वय झालं, गंगामैया रागावणार नाही, लहानसं प्रायश्चित्त करू.

तात्यांनी आंबा उचलून नाकाशी धरला. बराच वेळ.

"हा सोडला नसता, तर दर वैशाखात मी गावच्या गाडीत बसलो असतो," ते म्हणाले. "एखाद्या वर्षी परत आलोच नसतो. मग ही गच्ची कुणी भरली असती?" त्यांनी आंबा साताऱ्याच्या आजींच्या ओंजळीत ठेवला. "खा हो. तुम्ही अजून काही सोडलं नाहीये."

मग माझ्याकडे वळले. "हं. सापडलं?"

सगळी गच्ची बघत होती. माझ्या तोंडून निघून गेलं, "लंगडा."

कल्लूने कपाळावर हात मारला. तात्या मात्र अख्ख्या गच्चीला दाखवत माझी पाठ थोपटत राहिले, जणू मीच ऐंशी पार केली होती. "आता गेलास खरा पुण्याला," म्हणाले. "आता रम."

रमलो. तात्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. मणिकर्णिकेला त्यांना खांदा द्यायला एवढी माणसं लोटली, की सख्ख्या नातवाला रांगेत घुसावं लागलं. कारलं गंगेने मंजूर केलं नव्हतं, ते बायकोने हेरलं. रोज सकाळी रस पाजते. आणि जूनमध्ये लंगडा आला, की मी पुणे स्टेशनवर जातो. बनारसकडून नोकरीला आलेली, कावरीबावरी पोरं हुडकून घरी आणतो. बायको पोळ्या लाटते, मी आंबे चिरतो.

परवा त्यातल्या एकाने विचारलं, "चाचा, आप नहीं लेंगे?"

"तुम खाओ," म्हटलं, आणि उरलेला लंगडा उचलून नाकाशी धरला. त्या वासात रामघाटावरची ती गच्ची होती, आणि समोर माझी बैठक माणसांनी गच्च भरली होती.