चेहरा न लिहिलेली सून

कॉलेजात जाणारा आमच्या घरातला मी पहिलाच. दिवाळीच्या सुटीत लायब्ररीतली एक कादंबरी घेऊन नेरजवळच्या आमच्या गावी गेलो आणि मायला वाचून दाखवू लागलो, तर तिनं ती पोथीच मानली. दिवसभर कापूस वेचून आलेली माय दिवेलागणीला हातपाय धुऊन पाटासमोर बसायची. अध्याय मधे तोडू द्यायची नाही.

त्या कादंबरीत एक मुकाट राबणारी सून होती. लेखकानं तिचा चेहरा कुठंच लिहिला नव्हता. बोलण्याआधी ती पदर सारखा करी, एवढंच. तिसऱ्या दिवशी माय म्हणाली, "हे तं आपली पोरगीच हाय."

माझी थोरली बहीण पहिल्या बाळंतपणात सासरीच वारली होती. तिचा एकही फोटो आमच्याकडे नव्हता. तिचं तोंड आता नीट आठवत नाही, असं माय अधूनमधून म्हणायची. कादंबरीनं ते तिला परत दिलं होतं. मला हे तेव्हा पुरतं कळलं नाही.

पुढच्या वर्षी त्याच कादंबरीचा सिनेमा यवतमाळला लागला. मायला वाचता येत नाही, निदान डोळ्यांनी तरी पाहू दे, असं मला वाटलं. ती मजुरी बुडवायला तयार नव्हती. मीच तिला हट्टानं एसटीनं आणलं आणि तीनच्या खेळाला बसवलं. पडद्यावरची सून गोरी, देखणी होती; कामही चांगलं करत होती. मी मात्र गाळलेले प्रसंग आठवत बसलो. बाहेर आल्यावर मायनं विचारलं, ती बाई कोण होती. मी नटीचं नाव सांगितलं. परतताना गाडीत ती डोळे मिटून बसली. थकली असेल, असं मी समजलो.

संक्रांतीला कादंबरी पुन्हा नेली. दोन पानं झाली असतील, मायनं हात वर केला.

"राहू दे बाप्पा. आता तेच बाई दिसते."

थोडं पुढं वाचतो, येईल ती, असं मी म्हणालो.

"कायले तरास घेतं? तुले काय माहीत होतं," म्हणाली आणि भाकरी टाकायला उठली.

यात सिनेमाचा दोष नसावा. पुस्तकाला जागा रिकामी ठेवता येते, सिनेमाला कुणाचं तरी तोंड दाखवावंच लागतं. मी तसाच बसून बहिणीला आठवू लागलो. बराच वेळ प्रयत्न केला. मलाही ती गोरी बाईच दिसत राहिली.