शिववाले मामा

नकाशा समोर आला की शिववाले मामा टेबलाखाली पायाने चपला शोधायला लागत. "चला, बघून येऊ," एवढंच म्हणायचे. तहसीलच्या निवडणूक शाखेत ते अव्वल कारकून आणि मी नवी लिपिक. तालुक्यातल्या गावांच्या शिवा, म्हणजे हद्दी, त्यांना तोंडपाठ, म्हणून हे नाव. मला मात्र त्यांचं नाव निघालं तरी पोटात दुखायचं, हे आता कबूल करायला हरकत नाही.

संगणकावर नकाशा काढणारी शाखेत मी एकटी. पण कुठल्याही गावचा माणूस दारातूनच विचारायचा, "मामा हाईत का?" मी आहे ना, म्हटलं तर तो बाकावर बसून मामांचीच वाट बघायचा. साहेबसुद्धा माझा नकाशा मामांकडे सरकवत. मामा खिशातली शिसपेन काढून एखाद्या ओढ्यापाशी बारीक टिंब करत. त्या टिंबांचा मला भयंकर राग यायचा आणि ती बरोबर निघायची याचा त्याहून जास्त.

जनगणनेच्या आकड्यांवरून ग्रामपंचायतींचे प्रभाग तपासायचं काम आलं. हद्द रस्ता, ओढा, नाला धरूनच न्यायची असा नियम. जिंतूरकडच्या एका गावात उपग्रहाच्या चित्रात मला गावाबाहेर सरळ पांढरा रस्ता दिसला. तो धरून मी रेघ मारली आणि लोकसंख्याही चोख जुळली. मामांनी त्यावर टिंब केलं.

"ताई, ह्या रस्त्यानं तुमी चालून बघितलंय का?"

मला ते चांगलंच झोंबलं. मी टिंब खोडलं, मामांमुळे उशीर होतोय असं साहेबांच्या कानावर घातलं आणि प्रारूप प्रसिद्ध करायला लावलं.

हरकत आली ती मेंढपाळांच्या वस्तीवरून. मामा मला तिथं घेऊन गेले. माझा रस्ता तिथं होता, पण तो मेंढरांनी पाडलेला होता. रोजच्या जाण्यायेण्याने खुरांखाली माती पांढरी पडली होती, तीही वस्तीच्या ऐन मधोमध. माझ्या रेघेनं एका म्हातारीचं घर एका प्रभागात आणि तिच्या लेकाचं दुसऱ्यात टाकलं होतं. "आमची मतं अशी फोडल्यावर आमचा माणूस निवडून यायचा कवा?" तिनं विचारलं. मी मामांकडे पाहिलं. ते खाली वाकून माती चाचपत होते.

"मेंढरं चरायला दूर गेली की ही वाट मोडती, ताई," ते म्हणाले. "हद्द अशी मोडून कसं चालंल?"

सुनावणीत प्रांतसाहेबांनी रेघ कुणाची म्हणून विचारलं. मी उठायच्या आत मामा उभे राहिले आणि चूक आपल्याच नजरेतून सुटली म्हणाले. बोलणी त्यांनीच खाल्ली. हद्द ओढ्यावर सरकली, वस्ती एका प्रभागात आली. मी वाचले, पण सुटकेपेक्षा जळफळाटच जास्त झाला. चूक माझी, आणि तिच्यावरही मोठेपणा ह्यांनाच मिळावा! पुढे महिनाभर शाखेत दुसरा विषय नव्हता.

मामा निवृत्त झाले आणि गेल्या वर्षी वारले. त्यांची खुर्ची मला मिळाली. दारातून माणसं अजून त्यांनाच विचारतात.

परवा मतदार यादीच्या कामाला त्या वस्तीवर गेले. म्हातारीचा लेक आता ग्रामपंचायत सदस्य आहे. निदान कबुली तरी माझी स्वतःची असावी, असं ठरवूनच गेले होते. पण मी तोंड उघडायच्या आत म्हातारी सुनेला म्हणाली, "हीच ती ताई. मामा म्हणले व्हते, ही चालत आली, ती वाट डोळ्यानं बघितली, म्हून आपली वस्ती एक ऱ्हायली."

"आजी, ती चुकीची रेघ माझीच होती."

म्हातारी हसली. "ते बी म्हणले व्हते. ताई एक दिवस येऊन असंच म्हणल म्हून."

सुनेनं चहा पुढे केला. मी तो कसाबसा प्याले. डोळ्यांतलं पाणी थांबत नव्हतं, आणि मामांचा हेवाही.