तिसरं पाणी

हे मी आजवर कोणाजवळ बोललो नाही. बायकोजवळही नाही — आणि तिच्यापासून लपून राहील असं आमच्या घरात फारसं काही नसतं. विषय ऐकाल तर हसाल. लंगोटांचा आहे.

मी निवृत्त झालो त्याच वर्षी नात झाली, मीरा. आम्ही तेव्हा नुकतेच शहराच्या टोकाला, बेसाला राहायला आलो होतो. आयुष्यभर कॉलेजात शिकवलं, आणि शाल-श्रीफळाच्या कार्यक्रमांची मागच्या रांगेत बसून टिंगल केली. सत्कारमूर्ती खुर्चीत कसे अवघडून नम्र होतात, याची नक्कल मला बरी जमायची. हे आधीच सांगून ठेवतो — पुढे लागेल.

मयूरीनं, म्हणजे माझ्या सुनेनं, ठरवलं होतं की बाळाला विकतचे डायपर नाहीत, सुती लंगोटच. बायकोच्या जुन्या साड्या, माझ्या वडिलांची धोतरं — फाडून, शिवून ढीग तयार झाला. धुणार कोण? मी म्हणालो, मी. अगदी मनापासून म्हणालो. आणि खरं सांगू? ते दिवस आठवले की अजून बरं वाटतं. ओल्या कापडाचा गारवा, लंगोट झटकताना होणारा फट् आवाज, आत पाळण्याच्या कडीची कुरकुर, आणि आपलं मे महिन्यातलं ऊन — दोरीचं दुसरं टोक गाठेपर्यंत पहिला लंगोट पापडासारखा कडक. इतकं उपयोगाचं काम मी सगळ्या नोकरीत केलं नसेल.

पण दोरी कुठे बांधली होती? मागे मोकळी गच्ची होती. मी बांधली समोरच्या गॅलरीत. सकाळी फिरायला निघालेली मंडळी तिथूनच जायची ना. शेजारचे वानखेडे खालूनच म्हणायचे, "सर, तुमी तं हद्द करून राह्यले. आमच्या घरी माहीत पडलं तं आमचं काही खरं नाही." मी हसून हात हलवायचो. अवघडून, नम्रपणे.

मंडळी यायच्या आत गॅलरीत उभं राहायचं, तर कुठेतरी वेळ वाचवायला हवा. लंगोट साबणानं धुतले की तीन पाण्यांतून काढायचे, शेवटच्या पाण्यावर फेस दिसता कामा नये — हे बायकोनं पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. मी दुसऱ्या पाण्यावर थांबू लागलो. साबणाची पावडर मात्र मूठभर. पांढरेशुभ्र दिसायला नकोत का? कोणाला — बाळाला?

मीराच्या मांड्यांवर लाल चट्टे उठले, मग कातडी सोलवटली. लंगोट बदलताना ती असं रडायची की मयूरीलाही रडू फुटायचं. आम्ही दोघं आणि मयूरी तिला रामदासपेठेतल्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. त्यांनी पाहिलं, आणि पहिलाच प्रश्न विचारला — लंगोट कोण धुतं? साबण पूर्ण निघतो ना?

मी म्हणालो, "तीन पाण्यांतून काढतो. रोज."

झालं. एवढंच. त्यांनी प्रश्न विचारला त्याच क्षणी मला कळलं होतं. दोरीवरचा तो कडकपणा नुसत्या उन्हाचा नव्हता, आत राहिलेल्या साबणाचाही होता. कळलं — आणि त्यानंतर मी उत्तर दिलं.

डॉक्टरांनी मलम दिलं. परतताना गाडीत बायकोनं निकाल लावला. "मयूरी, आंबा बंद कर वं आता. तू खाऊन राह्यली अन् पोरीच्या अंगावर निघून राह्यलं." अंगावर पिणाऱ्या लेकराला काहीही झालं की आईच्या ताटात डोकावायचं, ही आपली जुनी रीत. एरवी मी यावर अर्धा तास व्याख्यान झोडलं असतं. त्या दिवशी खिडकीबाहेर बघत बसलो.

मयूरी आंब्याची वेडी. तिनं त्याच दिवशी सोडला. मी दुसऱ्या दिवसापासून तीन पाणी करू लागलो, कधी कधी चार. आठवडाभरात मीराची कातडी साफ. घरात सगळ्यांनी माना डोलावल्या — आंबाच होता म्हणून. त्यांत माझी मान होती का? होती.

तो सगळा मोसम आम्ही रस-पोळी खाल्ली आणि तिनं मुगाचं वरण-भात. एका दुपारी ती रसाचं रिकामं पातेलं घासायला बसली होती. तिनं वाकून नुसता वास घेतला, मग नळ सोडला. मी दारातूनच मागे फिरलो. सांगितलं असतं तर काय झालं असतं? बायकोनं चार शब्द सुनावले असते, वानखेडे हसले असते. एवढ्यासाठी? हो, एवढ्यासाठीच.

मीरा आता शाळेत जाते. लंगोटांची फडकी होऊन तीही संपली. परवा मयूरीची धाकटी बहीण तान्ह्या बाळाला घेऊन आली होती. जेवायला रस होता. मयूरीनं बहिणीपुढची वाटी उचलली. मला वाटलं गंमत करते आहे — पण ती हसत नव्हती.

"नको खाऊ. मी खाल्ला होता, अन् मीराची कातडी सोलली माझ्यापायी. अजून आठवलं की कसंतरी होते."

बहिणीनं वरणाची वाटी पुढे ओढली. मयूरी पातेलं घेऊन माझ्याकडे वळली.

"बाबा, तुम्हाला वाढू?"

मी वाटी पुढे केली.