भुईआवळीचा काढा

माझ्या वर्गातली निम्मी मुलं कॉम्प्युटरचे क्लास लावून अमेरिकेच्या वाटेला लागली, तेव्हा मी फार्मसी कॉलेजात पांढऱ्या उंदरांना भुईआवळीचा अर्क पाजत होते. यकृत नासवणारं विष उंदरांना टोचायचं, मग त्यांना मारून यकृत तपासायचं. अर्क पाजलेल्यांचं यकृत बरंच शाबूत निघायचं. मला आनंद व्हायचा, आणि हातातल्या मेलेल्या उंदराकडे पाहून त्या आनंदाची शिसारीही यायची.

बिबवेवाडीतल्या आमच्या घरात बाबांचं यकृत नासत चाललं होतं. त्यांच्या कारखान्याने स्वेच्छानिवृत्ती दिली. स्वेच्छा कारखान्याची, निवृत्ती बाबांची. मग ते घरी बसून पीत राहिले. डोळे पिवळे झाले, पोटात पाणी झालं, डॉक्टरांनी हात टेकले. मला त्यांचा भयंकर राग यायचा.

जेवताना एकदा मी अर्काचं कौतुक केलं. आईने तेवढंच धरलं. दुसऱ्या दिवसापासून ती मंडईतून भुईआवळीच्या जुड्या आणून उकळू लागली. कडू काढा बाबा निमूट प्यायचे.

एका दुपारी आई बाहेर गेली होती. बाबांनी विचारलं, "तुमचे उंदीर किती दिवसांत बरे होतात गं?"

मला खोटं बोलता येईना. "बाबा, आम्ही अर्क आधी पाजतो. विष नंतर टोचतो. यकृत वाचतं का, एवढंच बघतो. नासलेलं यकृत सुधारतं का, ते आम्ही बघितलेलंच नाही."

बाबा म्हणाले, "म्हणजे मी आधी हे प्यायला हवं होतं. मी नेमकं दुसरंच पीत बसलो." मग म्हणाले, "आईला सांगू नकोस. तिला उकळू दे." मी हो म्हटलं.

त्यानंतरही ते रोज पेला रिकामा करायचे आणि "आज जरा हलकं वाटतंय" असं आईला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणायचे. त्यांच्यावरचा माझा राग तिथेच कुठेतरी संपला. दिवाळीच्या आधी ते गेले.

तेराव्यानंतर आई स्वयंपाकघरात वाळलेली जुडी हातात घेऊन बसली होती. म्हणाली, "माझा गुडघा धरला होता, दोन दिवस मंडईत गेले नाही. काढा चुकला. तिथेच घात झाला."

ते ऐकवेना. बाबांना दिलेला शब्द मी मोडला. काढ्याचा त्यांना उपयोग होईल, असं सांगणारं आमच्याकडे काहीच नव्हतं, आणि हे मी बाबांना कधीच सांगितलं होतं, असं तिला म्हटलं.

"यांना माहीत होतं?"

"हो."

"आणि तरी रोज पीत होते?"

मी मान डोलावली. गेल्या तेरा दिवसांत एकदाही न रडलेली आई तेव्हा रडली.