साच्याची रेघ

आता तुमच्यापासून काय लपवायचं. चाळीस वर्षं वेल्डिंग करून मिळवलेली इज्जत मी एका सकाळी कुंभारी गावच्या स्पीडब्रेकरवर घालवली. कुणी मागितली नव्हती.

झालं असं. आमच्या डॉक्टरांची लाल स्पोर्ट्स कार खड्ड्यात आदळली. पुढचं चाक धरून ठेवणारा आर्म तडकला. ओतीव ॲल्युमिनियमचा, बैलाच्या बरगडीसारखा वाकडा. मेकॅनिक रफिकनं तो काढून माझ्याकडं आणला. तड्याभोवती लाल पेन्सिलीनं गोल केला होता.

"चाचा, हितं हाय बगा. पर ह्याला वेल्डिंग चालंल का? चाकाचा मामला हाय."

"तू मला शिकवू नको," म्हटलं, आणि थिनरनं तो गोल पुसून टाकला.

खरं सांगतो. मला जवळचं नीट दिसत नाही. चष्मा आहे, पण खिशात. चष्मेवाल्या वेल्डरला काम कोण देईल, अशी माझी समजूत. बोट फिरवलं, लांबलचक रेघ हाताला लागली. ग्रायंडरनं खोल केली, आर्गन वेल्डिंगनं भरली. जोड असा, की नाण्यावर नाणं मांडलंय. रफिक बराच वेळ बघत राहिला. मला वाटलं, भारावला.

चार दिवसांनी सकाळी कार दुकानासमोर थांबली. डॉक्टरांनी काच खाली केली.

"मामा, आईला घेऊन अक्कलकोटला चाललोय."

मी ऐटीत हात हलवला आणि आत आलो. पंपाचं एक झाकण दुरुस्तीला आलं होतं. दुकानात कोणी नव्हतं, म्हणून चष्मा लावला. झाकणाच्या कडेनं सरळ रेघ. शेजारी पडलेल्या दुसऱ्या झाकणावरही तशीच. ओतताना साच्याचे दोन भाग जिथं जुळतात, तिथं ही रेघ उठतेच. आणि तडा कधी इतका सरळ जातो का?

मी साच्याची रेघ कापून भरली होती. तडा होता तिथंच होता, आणि त्याच्या भरवशावर मायलेक निघाले होते.

डॉक्टरांचा फोन लागेना. रफिक उचलेना. मोपेड काढली, अक्कलकोटच्या रस्त्याला लागलो. लाल काही दिसलं की ब्रेक दाबायचो. सगळं अंधुक. एक टेम्पो आडवा दिसला, खाली रस्ता लालभडक. मोपेड तिथंच सोडून पळालो. जवळ गेलो तर टोमॅटो.

मोपेडनं स्पोर्ट्स कार कशी गाठली म्हणाल, तर ती गाडी पार जमिनीला टेकलेली. दर स्पीडब्रेकरला डॉक्टर आईला उतरवायचे, गाडी तिरकी करायचे आणि इंचाइंचानं ओलांडायचे. कुंभारीत त्यांची आई परत बसायला निघाली होती. मी दारच धरलं.

"आक्का, बसू नका."

"का वो भाऊ? काय झालं?"

लोक जमले. मी सगळं सांगितलं. रेघ, तडा, पुसलेला गोल. भीतीच्या भरात, दोन वर्षं चष्मा लपवतोय, हेही बोलून गेलो.

आक्का म्हणाल्या, "लपवलाय म्हनता, तो नाकावर हाय की."

हात लावून बघितला. होता.

डॉक्टरांनी लगेच स्पीकरवर रफिकला फोन लावला. या वेळी त्यानं उचलला.

"डॉक्टरसाब, चाचाचा आर्म बसवलाच न्हाय. डिझेल लावून पुसला, वर खडू घासला, तड्यात मुरलेलं डिझेल खडूवर उमटलं. तडा तसाच. पुण्याहून दुसरा मिळाला, तो घातलाय. काल तुमी घाईत होता, सांगायचं राहिलं."

"आणि मामांना का नाही सांगितलं?"

"चाचांना तोंडावर कोन सांगनार?"

म्हणजे मी दुकानात गप्प बसलो असतो, तरी गाडी सुखरूप गेली असती.

तो आर्म रफिकनं टाकला नाही. गॅरेजचं दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून खाली लावून ठेवलाय. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो, "चाचाचं काम हाय." दार अजून हललेलं नाही.